दुसरा कान

ते यंत्र आमच्या घरात आलं ते एका जाड लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं. माझी धाकटी मावशी विलायतेत नर्स होती आणि सुटीवर बडोद्याला आली की तिच्या बॅगेतून काय निघेल याचा नेम नसे. त्या खेपेला स्वेटर अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, होता आणि आतलं यंत्र श्रीकांतदादासाठी. बडोद्याची थंडी ती केवढी. स्वेटर डांबराच्या गोळ्यांबरोबर ट्रंकेत गेला तो कायमचाच. यंत्र मात्र दिवाणखान्यातल्या टेबलावर आलं आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. काळं, फुलस्केप वहीच्या निम्म्याएवढं, वर करड्या रबराची बटणं. बोटाखाली ती बटणं खोडरबरासारखी दबत. "हा कॉम्प्युटर?" आई म्हणाली. "मला वाटलं होतं खोलीभर असतो." मावशी हसली आणि म्हणाली, "ताई, तिकडे आता घराघरात पोरं यावर बसतात. पडदा म्हणून आपला टीव्ही लावायचा आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरवरून घ्यायचा." अण्णांनी यंत्र उचलून पाहिलं, हलकं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्यांनी ते परत ठेवलं. हलक्या वस्तूंवर अण्णांचा विश्वास नव्हता.

आम्ही तेव्हा फतेगंजात कोकिलाबेनच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. पहाटे लष्कराच्या वस्तीतून बिगुल ऐकू यायचा, रविवारी चर्चची घंटा, आणि दिवसभर खालून कोकिलाबेनचा आवाज. त्यांचं आईशी बोलणं जिन्यातून चाले. त्या गुजरातीत बोलत, आई मराठीत उत्तर देई, मधेच दोघी भाषा बदलून घेत, आणि दोघींना याचं काही वाटत नसे. उन्हाळ्यात गच्चीवर आईच्या कुरडया आणि कोकिलाबेनच्या छुंद्याच्या, कैरीच्या गोड लोणच्याच्या, बरण्या शेजारी शेजारी उन्हात असत. राखण करायचं काम माझ्याकडे, कारण मी बारावीत होते आणि पुस्तक घेऊन कुठंही बसू शकते असं सगळ्यांचं मत होतं. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्या फौजेतलं घरात उरलं होतं ते फक्त अण्णांचं ताठ बसणं. ते पाटबंधारे खात्यात होते. जेवताना बोललेलं त्यांना खपत नसे. आमटीत गूळ जास्त झाला तरी ते बोलत नसत, वाटी फक्त थोडी पुढे सरकवत, आणि आईला कळे.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, इंजिनिअरिंगला होता. लहानपणापासून त्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असायचा. घरातलं घड्याळ, मिक्सर, कोकिलाबेनची इस्त्री, सगळं त्यानं एकदा तरी उघडलेलं होतं. ते यंत्र आलं आणि तो त्याच्यातच गेला. सुरुवातीला आम्ही सगळेच गेलो म्हणायला हवं. टीव्हीच्या पडद्यावर रंग नव्हते, पण दादानं त्यावर माझं नाव आडवं-उभं नाचवलं तेव्हा कोकिलाबेनसुद्धा वर येऊन पाहून गेल्या. "आ तो भारे थयुं, भाई," त्या कौतुकानं म्हणाल्या आणि दादाच्या हातावर सुखडीची वडी ठेवली.

ते चालू ठेवणं हे मात्र घरकामासारखं रोजचं काम होतं. वीज कधी कमी, कधी जास्त. त्यासाठी स्टॅबिलायझर आला आणि फ्रिजसारखा घुं घुं करत राहिला. विलायतेच्या हवेसाठी केलेलं ते यंत्र आमच्या मे महिन्यात तव्यासारखं तापे. दादानं आईची पापड भाजायची जाळी पळवली आणि खालून हवा लागावी म्हणून यंत्र तिच्यावर ठेवलं. आईनं दोन दिवस कुरकुर करून नवी जाळी घेतली. सर्वात कटकटीचा होता टेपरेकॉर्डर. प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असे. कॅसेट लावली की आधी एक लांबलचक सूर यायचा आणि मग कापड फाडल्यासारखा किर्रर्र आवाज सुरू व्हायचा, काही मिनिटं चालायचा. तो यंत्राला नीट ऐकू गेला तर प्रोग्राम चालू होई, नाहीतर सगळं पहिल्यापासून. दादा कॅसेटी मित्रांकडून आणायचा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या रेकॉर्डरवर भरलेली, त्यामुळे आमच्या रेकॉर्डरचं टेप वाचणारं हेड दर वेळी बारीक स्क्रूनं फिरवून जुळवावं लागे. हे काम माझं. मी नागरवाड्यात पाठक मास्तरांकडे गाणं शिकत होते आणि तानपुरा लावायला बसून बसून माझा कान तयार झालेला. स्क्रू फिरवता फिरवता तो सूर बोथट असतो, मग एका जागी एकदम धारदार होतो. "थांब!" मी म्हणायची, दादा हात काढून घ्यायचा, आणि प्रोग्राम हमखास चालायचा. तो मित्रांना सांगे, "माझ्याकडचं सगळ्यात भारी उपकरण म्हणजे नीलूचा कान." मला त्याचा किती अभिमान होता हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नसेल.

पुढचं लिहायला मी बराच वेळ टाळाटाळ केली आहे. मधे उठून चहा करून आले. दादा आत झोपलाय. त्याला विचारूनच हे लिहायला घेतलं, तो म्हणाला, "लिही. पण मला वेडा म्हणू नकोस, आजारी म्हण."

आजार कधी सुरू झाला ते आम्हाला कळलं नाही. दुसऱ्या वर्षात दादा नापास झाला आणि आम्ही समजलो की यंत्राच्या नादानं झाला. अण्णा तसं म्हणालेही. मग तो कॉलेजला जाईनासा झाला. मित्र यायचे बंद झाले, किंवा त्यानंच त्यांना यायचं बंद केलं. आंघोळ टाळू लागला. जेवणाचं ताट खोलीत मागायचा आणि भात तसाच वाळून जायचा. आईनं त्याच्या आवडीची वालाची उसळ केली तर त्यानं वास घेऊन वाटी बाजूला केली आणि विचारलं, "यात काय घातलंय?" "काय घालणार? रोजचंच," आई म्हणाली. ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "परीक्षेचं टेन्शन असेल नाही ग?" मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटायला हवं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की कॅसेट चालू असते पण यंत्र बंद असतं. वायर काढलेली, टीव्ही काळा, आणि दादा रेकॉर्डरला कान लावून तो किर्रर्र आवाज ऐकत बसलेला. एकच कॅसेट, पुन्हा पुन्हा. खालून कोकिलाबेननी जिन्यातून विचारलं, "नीलाबेन, आ शेनो अवाज छे? आखो दहाडो?" मी सांगितलं, दादा मशिन दुरुस्त करतोय, म्हणून दिवसभर आवाज. एके दुपारी त्यानं मला खोलीत बोलावलं. खिडकी बंद, पंखा बंद, घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटलेला. म्हणाला, "बस. नीट ऐक. घाई करू नकोस." कॅसेट सुरू केली. मी ऐकलं. संपल्यावर त्यानं विचारलं, "काय ऐकू आलं?" मी म्हटलं, "हेड जरासं सरकलंय, बाकी ठीक." तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "शब्द?" "कसले शब्द?" "काही नाही. जा तू."

मी हे आईला सांगितलं. आईनं माझा हात धरून मला गच्चीवर नेलं, कोणी ऐकू नये म्हणून. "पुन्हा विचारलं तर हो म्हण," ती म्हणाली. "म्हण, येतं मलाही ऐकू. शांत तरी होईल तो. अण्णांना यातलं काही कळता कामा नये." आईला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आता तर मुळीच वाटत नाही. तिच्या माहेरी एक काका असेच होते, त्यांना मागच्या खोलीत कोंडून ठेवलेलं तिनं लहानपणी पाहिलं होतं. हे मला खूप नंतर कळलं.

तो रविवार होता. जेवणं व्हायची होती, आईनं कुकर उतरवला होता. दादा रेकॉर्डर हातात घेऊन दिवाणखान्यात आला. त्यानं दाढी केली होती, केस विंचरले होते, आणि त्यामुळे मला एक क्षण वाटलं की बरा झाला. तो म्हणाला, "सगळे बसा. मला एक गोष्ट विचारायची आहे." अण्णांनी पेपर खाली ठेवला. दादानं कॅसेट लावली. तो लांब सूर, मग ती किरकिर. आम्ही तिघं बसून ऐकत होतो आणि तो आमच्या चेहऱ्यांकडे पाहत होता, एकाकडून दुसऱ्याकडे. आवाज संपला.

"आई, ऐकू आलं?"

"हो रे राजा," आई लगेच म्हणाली. "आलं ना ऐकू."

"काय म्हणतात?"

आईनं हात पदराला पुसले. "अरे... देवाचं नाव घेतात," ती म्हणाली.

दादानं मान हलवली, जणू एखाद्या लहान मुलानं चुकीचं उत्तर दिलंय. मग माझ्याकडे वळला. "नीलू, तू सांग. तुझा कान मला माहीत आहे." आई उठून त्याच्या मागे उभी राहिली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. मला हो म्हणायचं होतं. पण त्यानं कानाचं नाव काढलं, आणि त्या बाबतीत मी त्याला कधी खोटं सांगितलेलं नव्हतं. सूर जुळला नसताना जुळला म्हटलं तर प्रोग्राम चालत नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

"मला शब्द नाही ऐकू येत, दादा," मी म्हटलं. "नुसता आवाज येतो."

"हा काय तमाशा आहे?" अण्णा उठले. एवढे महिने जे घरात साचलं होतं ते सगळं त्यांच्या आवाजात आलं. "शिक्षण बुडालं, घराची शोभा झाली, आणि आता हे?" त्यांनी रेकॉर्डर उचलला आणि हात वर केला. दादानं झडप घालून तो त्यांच्या हातातून काढून घेतला, छातीशी धरला आणि जिना उतरून अनवाणी निघून गेला. खाली फाटक वाजलं. अण्णा म्हणाले, "जाऊ दे. भूक लागली की येईल." आईनं पानं वाढली. कोणी जेवलं नाही.

ऊन कलायला लागलं तरी तो आला नाही. आई माझ्याशी बोलत नव्हती. अण्णांनी स्कूटर काढली आणि मला म्हणाले, "बस मागे." आम्ही स्टेशनवर गेलो, फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. त्याच्या कॉलेजभोवती फिरलो. कमाटीबागेत रविवारची गर्दी होती, आइस्क्रीम, फुगे, झोपाळ्यांचं करकरणं. अण्णा त्या गर्दीतून ताठ चालत होते आणि प्रत्येक बाकावरच्या माणसाकडे वाकून पाहत होते. त्यांना असं वाकताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिथून निघालो आणि विश्वामित्रीच्या पुलावर त्यांनी स्कूटर थांबवली. मला काही न सांगता उतरले, कठड्यापाशी गेले आणि खाली पाहू लागले. पाणी हिरवट, जेमतेम हलणारं, काठाच्या चिखलात एक मगर पडलेली. मी स्कूटर धरून उभी होते. अण्णांनी एक बाजू पाहिली, रस्ता ओलांडून दुसरी बाजू पाहिली. परत आले तेव्हा किक मारताना त्यांचा पाय दोनदा घसरला. मला कळलं होतं ते काय पाहत होते. आणि माझ्या मनात एवढंच चाललं होतं की मी हो म्हटलं असतं तर आत्ता आम्ही सगळे घरी असतो.

कशामुळे सुचलं सांगता येत नाही. पुलावरून उतरताना मी विचार करत होते की दादाचं काही बिघडलं तर तो काय करतो. टेपमधून आवाज येईना झाला तर तो आधी वायर बदलून पाहायचा, मग कॅसेट, मग दुसऱ्याचा रेकॉर्डर मागून आणायचा. एका वेळी एकच वस्तू बदलायची, म्हणजे दोष नेमका कशात आहे ते कळतं, असं तो मला शिकवायचा. मी अण्णांच्या खांद्याला हात लावला. "अण्णा, नागरवाड्यात चला. मास्तरांकडे."

"तिकडे कशाला जाईल तो?"

"चला तुम्ही."

मांडवीच्या गर्दीत स्कूटर अडकत अडकत गेली. मास्तरांच्या दारात दादाच्या चपला असायचा प्रश्नच नव्हता, पण ओटीवर धुळीच्या पावलांचे ठसे होते. आतून तो आवाज येत होता. मास्तर पाटावर मांडी घालून बसले होते, डोळे मिटलेले, मान थोडी कलती, रियाजाला बसवत तेव्हा जसे बसत तसेच. समोर रेकॉर्डर. पलीकडे दादा, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेतलेले. त्याच्या शेजारी पोह्यांची बशी होती, अर्धी संपलेली. अण्णा पुढे झाले तसा मास्तरांनी डोळे न उघडता हात वर केला: थांबा. आणि माझे वडील, जे ऑफिसात साहेबांसाठीही थांबत नसत, दारात थांबले. कॅसेट संपेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

मास्तरांनी डोळे उघडले. "श्रीकांत," ते म्हणाले, "मी दुसऱ्यांदा ऐकलं. मला यात शब्द सापडत नाहीत. तुला सापडतात?"

"हो."

"काय म्हणतात ते?"

हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. आईला त्यानं विचारला होता, पण त्याला आमच्यापैकी कोणी नाही. दादानं अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आवाज इतका लहान होता की मला पुढे झुकावं लागलं. "म्हणतात, तू या घरात नकोस. तुझ्यामुळे सगळे दुःखी आहेत. पुलावर जा म्हणतात."

अण्णा उंबऱ्यावर बसले. चपला पायातच होत्या. आत मास्तरांच्या बायकोनं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग अण्णा म्हणाले, "आणि तू गेला नाहीस?" त्या आवाजात राग शोधायची मला सवय होती. त्यात राग नव्हता.

"आधी खात्री करायची होती," दादा म्हणाला. "दोष कॅसेटमध्ये आहे की माझ्यात. आईला विचारलं तर ती खोटं बोलली. नीलू म्हणाली ऐकू येत नाही. पण एकाच कानावर भरवसा ठेवून कसं चालेल? दुसरा कान पाहिजे होता." मग तो मास्तरांना म्हणाला, "म्हणजे माझ्यातच आहे."

"मग ते दुरुस्त करणारा माणूस शोधू," मास्तर म्हणाले. "हे माझ्या हातचं नाही, श्रीकांत. पण मी येतो बरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा, मास्तर आणि दादा रिक्षानं दवाखान्यात गेले. मास्तरांनी त्यांचं मैफलीतलं काळं जाकीट घातलं होतं, एवढ्या उकाड्यात. दादाला ठेवून घेतलं. घरी आल्यावर अण्णांनी आईला सगळं सांगितलं, शब्दही सांगितले. आई ऐकून घेऊन उठली, माझ्यापाशी आली आणि माझ्या वेणीचा सुटलेला पेड परत घालू लागली. मी सतरा वर्षांची घोडी, पण बसून राहिले. तिनं वेणी घातली, सोडली, परत घातली.

डॉक्टरांना अण्णांनी विचारलं होतं, "हे त्या मशिननं झालं का?" ते म्हणाले होते, मशिन नसतं तर पंख्याच्या आवाजात ऐकू आलं असतं, नळाच्या पाण्यात ऐकू आलं असतं. अण्णांना ते पटायला वेळ लागला. यंत्र त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. दादा घरी आला तो दुसराच माणूस वाटला: सुजलेला, संथ, जिभेवर शब्द जड झालेले, हात थरथरणारे. औषधांनी आवाज कमी केले आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही बरंच काही कमी केलं. कॉलेज सुटलं ते सुटलंच. नातेवाईक आले की आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघून उसासे टाकत. माझ्यासाठी आलेली एक-दोन स्थळं जिन्यातूनच परत गेली. तो काळ लिहून काढण्यासारखा नाही. नुसतं बसून राहायचा काळ होता.

मग एका सकाळी दादा जेवणाच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "अण्णा, मशिन काढून द्या." आईचा हात पोळपाटावर थांबला. अण्णांनी किल्ली काढली. यंत्र जोडलं, पण निम्मी बटणं मुकी झालेली. बटणांखाली प्लास्टिकची पातळ पट्टी असते, ती आमच्या उन्हाळ्यात वाळून तडकली होती. मावशीनं नवी पट्टी पाठवली. ती बसवायची तर दादाचे हात थरथरत आणि खाचेत पट्टी जाईना. मी स्क्रू काढले, पट्टी मी बसवू लागले, दादा सांगत होता, आणि अण्णा टॉर्च धरून उभे होते. अण्णांना टॉर्च धरता येत नसे. प्रकाश आमच्या डोळ्यांत तरी जाई नाहीतर छताला. "अण्णा, खाली," दादा म्हणाला. "अजून खाली. अहो, मी नाही, मशिन!" आणि तो हसला. जड, अडखळतं हसू, पण त्याचंच. अण्णांनी टॉर्च दोन्ही हातांनी धरली. पुढे कित्येक वर्षं, डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यावरसुद्धा, दादानं काही उघडलं की ते टॉर्च घेऊन येत आणि चुकीच्या जागी प्रकाश टाकत. त्या रविवारबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत.

आई गेली, अण्णा गेले, मास्तर तर त्यांच्याही आधी गेले. कोकिलाबेनच्या मुलांनी बंगला पाडला. तिथं आता चार मजली इमारत आहे, खाली पिझ्झाचं दुकान आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं राहतो. मी बँकेतून निवृत्त झाले. दादाचे आवाज पूर्ण गेले नाहीत. मधे दोनदा त्यानं औषधं मनानं बंद केली आणि दोन्ही वेळा आम्ही परत त्या दवाखान्याच्या बाकावर बसलो. एका खोलीत आता पाच-सहा जुनी यंत्रं आहेत, कोणाकोणाच्या माळ्यावरून आणलेली. ती चालू ठेवणं हाच त्याचा उद्योग. कथलाचं जोडकाम, म्हणजे सोल्डरिंग, मी करते, गुडघे दुखतात म्हणून स्टुलावर बसून. हल्ली या यंत्रांसाठी बोटाएवढं कार्ड मिळतं, सगळे प्रोग्राम त्यात मावतात, आवाज न होता क्षणात चालू होतात. मी घेऊ या म्हटलं. दादा म्हणाला, "मग तू काय करशील?" कॅसेटी राहिल्या.

माझी काळजी साधी आहे आणि रोजची आहे: माझ्यानंतर त्याला विचारणारं कोण असेल? उत्तर मला सापडलेलं नाही. तोपर्यंत मी विचारते. हवापाण्याबद्दल विचारावं तसं विचारते, "आज काय म्हणतात?" आणि तो खरं सांगतो. आज गप्प आहेत. आज नुसती कुजबुज आहे. त्यावरून मी ठरवते की डॉक्टरांकडे जायचं की बाजारात.

गेल्या आठवड्यात दुपारी मी विचारलं तर त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "नीलू, त्यातला एक आज अण्णांच्या आवाजात बोलतोय."

मी विचारलं, "काय म्हणतोय?"

"जेवलास का, म्हणतोय."

अण्णांनी हयातीत हे कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. "मला नाही ऐकू येत, दादा," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "काय सांगू त्यांना?"

मी फोन उचलून डॉक्टरांची दुसऱ्या दिवसाची वेळ घेतली. त्यानं ते ऐकलं, हरकत घेतली नाही. मग मी ताटं काढली, आमटी गरम करायला ठेवली.

"सांग, बसतोय म्हणून," मी म्हटलं.